आठवा ठिपका

आमच्या घरी सकाळ व्हायची ती मायच्या बोलण्याने, आणि ते बोलणं बहुतेक वेळा माणसांशी नसायचं. ती चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, भात उतू गेला की भातालाच रागवायची. बा दिवसभरात दहा-वीस शब्द बोलत असेल. पहाटे उठून, रात्रीच्या भातात पाणी आणि कांदा घालून तो खायचा, जाळं खांद्यावर टाकायचा आणि नदीकडे निघायचा. आमचं गाव म्हणजे तीसेक घरं. मागे वैनगंगा, पुढे तलाव, एका अंगाला सागाचं आणि मोहाचं रान. पावसाळ्यात घराच्या भिंतींनासुद्धा माशांचा वास यायचा. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की हा वास माझ्या कपड्यांनाही येतो. तोपर्यंत मला वाटायचं, वास असतोच असा, सगळीकडे.

तलावाच्या दुसऱ्या काठावर एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती, होती. तिला नाव होतं, पण आमच्या घरात ते कोणी घेत नसे. 'पल्याड' एवढंच म्हणत. मी फार लहान असताना मासेमारांची सोसायटी फुटली होती. तलावात माशांचं बीज कोणी सोडायचं, पाणी उतरल्यावर पहिलं जाळं कोणाचं, अशा गोष्टींवरून काठ्या निघाल्या होत्या. तेव्हापासून आमचा आणि पल्याडचा अबोला. पल्याडचे दौलतकाका आणि बा एकाच डोंग्याचे जोडीदार होते. एक वल्हं मारायचा, दुसरा जाळं फेकायचा. भांडणानंतर तो डोंगा बांधाखाली उलटा पडला आणि तसाच कुजला. कोणी त्याला हात लावला नाही, जाळलाही नाही.

पण अबोला धरला तरी तलाव एकच होता. म्हशी एकीकडच्या दुसरीकडे जायच्या, मूल हरवायचं, कोणी मरायचं. अशा वेळी काय करायचं, ते दोन्ही गावांनी न ठरवता ठरवून टाकलं होतं. बांधाच्या मधोमध मोहाचं एक जुनं झाड होतं. जे सांगायचं ते त्या झाडाला सांगायचं. माणसाकडे बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. आजी गेली त्या दिवशी माय मला बोट धरून बांधावर घेऊन गेली आणि झाडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मोहा, आमची बुढी गेली रे. दुपारी नेऊन राह्यलो." पल्याडच्या घाटावर कपडे आपटणाऱ्या बाईचा हात थांबला.  दुपारी आम्ही निघालो तेव्हा झाडाखाली वाळल्या लाकडांची मोळी ठेवलेली होती. ती कोणी आणली हे कोणी विचारलं नाही.

टोमणेही झाडालाच जायचे. एकदा आमची लाल म्हैस पल्याडच्या धानात शिरली, तर दौलतकाका बांधावर येऊन झाडाला म्हणाले, "मोहा, कोणाची तरी म्हैस मालकापेक्षा शहाणी आहे, चांगलं धान वळखते." बा तेव्हा शिंगाड्याचे वेल साफ करत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तोही झाडाकडे बघत म्हणाला, "मोहा, त्याले सांग, म्हैस आमची आहे, पण धान पेरता आलं पाह्यजे ना." दोघंही एकमेकांपासून वीस हातांवर होते. माय घरी येऊन हसत हसत सांगायची, आणि बा जेवणाच्या ताटावरून मान वर करायचा नाही.

हे सगळं मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की ही काही माहिती आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेले तेव्हा आमच्या घरातलं कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. वर्गात काही विचारलं की मला उत्तर यायचं, पण हात वर जायचा नाही. आमचे संगणकाचे सर तरुण होते, घाईने बोलायचे. त्यांनी आम्हाला नेटवर्कचं शास्त्र शिकवलं. फळ्यावर ठिपके काढायचे आणि त्यांना रेघांनी जोडायचं. ठिपका म्हणजे माणूस असेल, गाव असेल, वीजकेंद्र असेल. रेघ म्हणजे त्यांच्यातलं येणं-जाणं. ते म्हणायचे, "ठिपका किती मोठा आहे ते बघू नका. तो काढून टाकला तर बाकीच्यांचं काय होतं ते बघा." एकदा त्यांनी फळ्यावरचा मधला एकच ठिपका पुसला आणि सगळं चित्र चार तुकड्यांत पडलं. मी त्या दिवशी जीपमध्ये खिडकीला डोकं टेकवून तेच आठवत राहिले. मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकते आहे त्याचा आमच्या गावाशी काही संबंध असू शकतो.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी आणि संघमित्राने मिळून घेतला. संघमित्राचे वडील शाळेत शिपाई होते. त्यांच्या घरात पुस्तकांचं एक कपाट होतं, ज्याचा मला फार हेवा वाटायचा. ती तारा, सोल्डर, बॅटऱ्या यांत रमायची आणि माझ्यासारखी घाबरायची नाही. वरच्या धरणाचं पाणी सोडलं की नदीकाठच्या मासेमारांना वेळेवर कळत नसे. आमच्या भागात मोबाइल लागत नव्हता. दर पावसाळ्यात कोणाचं तरी जाळं, कोणाचा डोंगा, एखाद्या वर्षी माणूस वाहून जायचा. तेव्हा सात गावांत सात वायरलेस सेट बसवायचे आणि इशारा सगळीकडे पोचवायचा, असं आम्ही ठरवलं. सरांनी परवानग्या काढल्या, जुने सेट मिळवले. प्रत्येक जोडणीसाठी उंच बांबूवर दोन्ही बाजूंनी अँटेना रोखून बांधावा लागायचा, आणि आमच्याकडे सामान होतं फक्त सात जोडण्यांचं. सात गावं जोडायला सहा रेघा पुरतात. सातवी जास्तीची. ती कुठे द्यायची हे मी ठरवायचं होतं.

सर म्हणाले, जिथे लोकांचं आधीपासून बोलणं आहे तिथे रेघ दे, म्हणजे सेट वापरला जाईल. म्हणून मी घरोघर विचारायला निघाले. एक छापील कागद होता. त्यात मुख्य प्रश्न एकच: तुम्ही कोणत्या गावातल्या लोकांशी बोलता? दोन महिने मी जीप, सायकल आणि पायांनी फिरले. संध्याकाळी घरी आले की माय अंबाडीची भाजी आणि भात पुढे ठेवायची आणि मी खाता खाता झोपायचे. पाय इतके दुखायचे की झोपेतही चालल्यासारखं वाटायचं.

आमच्या घरचा कागद मी शेवटी भरला. बा दारात बसून जाळ्याची फाटकी घरं विणत होता.

"पल्याडच्यांशी बोलता का?" मी विचारलं.

"तुले मालूम नाई का?"

"कागदावर लिहावं लागते, बा."

"मंग लिह्य. एक शब्द नाई."

माय आतून म्हणाली, "एक शब्द नाई, आन् दोन बी नाई. लिह्य तिथी."

मी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी पल्याड गेले. पोरींना विचारायची मुभा होती, हाकलून कोणी दिलं नाही. दौलतकाकांनी बसायला बाज टाकली, ताक दिलं, आणि म्हणाले, "तुया बाच्या गावाशी? नाई बाई. आमचं कायचंच बोलणं नाई." तिथेही मी शून्य लिहिलं. दोन्ही गावांची माणसं प्रामाणिक होती आणि मीही प्रामाणिकपणे लिहिलं.

आकडे मांडले तेव्हा बाजाराचं गाव मधोमध आलं, सगळ्यांशी जोडलेलं. आमच्या गावाला एकच रेघ, रानावरून बाजाराच्या गावाला. पल्याडलाही एक, पण ती धानाच्या शेतांवरून, मोकळ्यातून जाणारी. सातवी रेघ मी आकड्यांप्रमाणे बाजाराच्या गावाच्या दोन शेजाऱ्यांमध्ये दिली, जिथे आधीच येणं-जाणं भरपूर होतं.

संघमित्रा नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "तुया गावापासून पल्याड तलावावरून सरळ दिसते. मधात एक झाड सोडून काई नाई. इथी देऊ ना."

"ते बोलत नाईत एकमेकांशी."

"सेटले काय करायचं आहे त्याच्याशी?"

"सेट कोण उचलीन?"

तिने नकाशावरचं बोट उचललं. सरही म्हणाले, "निर्मला, तुझ्या गावाला एकच दोरी आहे, लक्षात ठेव." मी मान हलवली. खरं सांगायचं तर आकड्यांच्या मागे मी थोडी लपलेही होते. आमच्या घरासमोर पल्याडकडे तोंड केलेला बांबू उभा राहिला असता तर बा काय म्हणाला असता, हे मला बघायचं नव्हतं.

आम्ही सेट बसवले ते वैशाखात. सागाला एक पान नव्हतं, सगळं रान काड्यांचं. आवाज असा स्वच्छ यायचा की बाजाराच्या गावातल्या कोंबड्याचं आरवणंही आमच्या घरात ऐकू यायचं. आमच्या गावचा सेट आमच्याच घरी ठेवला होता आणि तो सांभाळायची माय. तिने त्याला हळदकुंकू लावलं. बटण दाबून ती ओरडायची, "ऐकून राह्यलीस का व?" आणि बटण सोडायला विसरायची, म्हणून तिचं बाकीचं बोलणं, कोंबड्यांना दिलेल्या शिव्यांसकट, सातही गावं ऐकायची. बाजारात लोक तिला विचारायचे, "कोंबडी सापडली का, बाई?"

रानात जन्मलेली मी. पावसात रानाला पानं येतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ओली पानं आवाज पिऊन टाकतात, हे मी पुस्तकात वाचूनही आमच्या रानाला लावून पाहिलं नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी मी आणि संघमित्रा बाजाराच्या गावी, ग्रामपंचायतीच्या खोलीत सेटजवळ होतो. वरून खबर आली की धरणाचे दरवाजे उघडले, संध्याकाळच्या आत पाणी पोचेल. मी एकेका गावाला सांगत गेले. एकेक गाव "ऐकलं" म्हणत गेलं. आमच्या गावातून फक्त खरखर आली. पुन्हा बोलले. खरखर. संघमित्रा बाहेर पळाली, बांबू हलवून पाहिला, परत येऊन म्हणाली, "इकडचं सगळं ठीक आहे. रान आडवं आलं." त्या वेळी बा नदीतल्या रेतीच्या टेकाडावरून जाळी टाकत असणार हे मला माहीत होतं. गावातले आणखी चौघे त्याच्यासोबत. पाणी चढलं की ते टेकाड आधी वेगळं होतं, मग नाहीसं होतं.

मी पल्याडला हाक दिली. दौलतकाका सेटवर आले.

"काका, आमच्या गावले खबर पोचली नाई. बा नदीत आहे. तुम्ही सांगा ना त्याइले."

त्यांच्या बाजूने पावसाचा आवाज येत होता.

"पोरी, आमचं त्याइच्याशी बोलणं नाई. तुले मालूम आहे."

"काका, आजच्या दिवस."

"सेट ठेवतो," ते म्हणाले, आणि सेट बंद झाला.

 संघमित्राने हाताला धरून ओढलं. जीपवाला आधी तयार नव्हता. तिने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो निघाला. मधला नाला भरून वाहत होता. तो उतरायची वाट बघत आम्ही काठावर बसून राहिलो. संघमित्राने डब्यातली तांदळाची भाकर पुढे केली, मी घेतली आणि हातात धरून ठेवली. फळ्यावरचा पुसलेला ठिपका सारखा डोळ्यांपुढे येत होता. दौलतकाकांवर मला राग आला नाही, हे आज विचित्र वाटतं. मी स्वतःच्या हाताने तिथे शून्य लिहिलं होतं. ते माझ्या कागदाप्रमाणे वागले होते.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. बा ओसरीत बसला होता. अंगावर माझ्या मायचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, केसांतून पाणी गळत होतं. शेजारी एकही जाळं नव्हतं. मी दारातच खाली बसले.

आत सेट खरखरत होता. माय त्याच्यासमोरच बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मी दुपारपासून इथून हालली नाई. तूच सांगलं होतं ना, हा बोलीन म्हणून."

 सेट नसता तर तिने काय केलं असतं? अशा आभाळात ती बांधावर किंवा नदीवर गेली असती. मी तिला घरात बसवलं होतं.

"कोणी सांगलं, बा?" मी विचारलं.

बाने लुगड्याच्या पदराने डोकं पुसलं. "आपल्या बाया होत्या शेळ्या घेऊन बांधावर. त्या नदीवर पळत आल्या, आमी पाचही निघालो."

"त्याइले कोणी सांगलं?"

"त्याइले कोण सांगीन? झाडाशी बोलून राह्यलता एक जण. मोठमोठ्यानं. पागल झाल्यासारखा."

माय म्हणाली, "बाया सांगत होत्या, त्याच्या गळ्यातला पंचाबी पडला, तरी ओरडूनच राह्यलता. मोहा, पाणी सोडलं. मोहा, पाणी सोडलं."

बा म्हणाला, "घसा बसला असन त्याचा." आणि उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन पल्याड गेले. दौलतकाकांचा आवाज खरंच बसला होता. मी पाया पडायला वाकले तर ते मागे सरले. "मी कोणाले काई सांगलं नाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी झाडाशी बोललो. तुया कागदावर तसंच राहू दे."

मी तसंच राहू दिलं. पण परत येऊन मी प्रश्न बदलला. 'कोणाशी बोलता' हे खोडलं आणि लिहिलं: 'संकटात कोणाचं ऐकू येतं?' तो कागद घेऊन सातही गावं पुन्हा फिरायला अंगात ताकद नव्हती, पण फिरले. आमच्या घरी बाला विचारलं तेव्हा तो जुन्या सुतातून नवं जाळं विणत होता. तो म्हणाला, "झाडाचं." पल्याड चौदा घरांनी तेच सांगितलं.

सरांना मी नवा आराखडा दाखवला तेव्हा त्यांनी ठिपके मोजले. "गावं सात. हा आठवा कोण?"

"मोहाचं झाड, सर."

ते हसले नाहीत. पेन्सिल उचलून म्हणाले, "याला किती रेघा?"

"दोन. आमची आणि पल्याडची."

सातवी रेघ बाजाराच्या गावाच्या त्या दोन शेजाऱ्यांमधून काढून घेतली आणि पल्याडहून तलावावर वळवली. संघमित्राने झाडाच्या दुबेळक्यात एक लहान सेट आणि लग्नात वाजवतात तसा भोंगा बांधला. पल्याडला आलेली खबर झाड दोन्ही काठांना ऐकवायचं. कोणाला सेट उचलावा लागत नव्हता, कोणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. पहिल्या दिवशी तपासणीसाठी संघमित्रा पल्याडहून बोलली तेव्हा म्हशी बिथरल्या आणि माय बांधावर उभी राहून म्हणाली, "इतकी वर्सं आमी बोलून राह्यलो, आता यालेबी तोंड फुटलं."

नंतरची इतकी वर्षं मी हेच काम करते आहे. नागपूरच्या एका कचेरीत पडद्यावर ठिपके असतात, मी त्यांना रेघा देते. मनोरे कुठे उभारायचे, कुठे दुसरी दोरी ठेवायची. डोळे थकतात. तरुण मुलं भराभर आकडे आणतात. कुठे शून्य दिसलं की मी विचारते, प्रश्न काय विचारला होता? त्यांना वाटतं, बाई उगाच खोळंबा करतात. मी फार समजावून सांगत नाही. समजावायचं तर बांधापासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा दम आता राहिलेला नाही.

आमच्याकडे मनोरा आला तसे सेट निघाले. भोंगा गंजून पडला. आता बाच्या खिशात फोन असतो. माझा नंबर त्यात आहे, संघमित्राचा आहे, पल्याडचा एकही नाही. तिकडेही आमचा नसणार.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि बांधाकडून एका पोराचा आवाज आला. दौलतकाकांचा नातू असावा. तो झाडाला सांगत होता, "मोहा, आमचा आजा गेला. दहा वाजता नेऊन राह्यलो." बाने कप खाली ठेवला. त्याचे गुडघे आता चालत नाहीत. त्याने माझ्याकडे हात केला, आणि मी त्याला धरून बांधावर नेलं. अर्ध्या वाटेत आम्ही दोनदा थांबलो. झाडापाशी पोचल्यावर त्याने बुंध्याला हात टेकवला आणि दम खात उभा राहिला. पोरगं वीस हातांवर, पाण्याकडे बघत उभं होतं.

"मोहा," बा म्हणाला, "त्याइले सांग, मले चालाले वेळ लागते. थांबा म्हणा."

पोराने मान हलवली नाही, वळून पाहिलंही नाही. पण दहा वाजून गेले, अकरा वाजले, आणि आम्ही पल्याड पोचलो तेव्हा तिरडी अजून अंगणातच होती. तीन माणसं खांद्याला लागली होती. पुढचा एक खांदा मोकळा होता.